ताप नव्हता, कणकण होती

मला करोना झाला तेव्हा मला ताप नव्हता. निदान सुरुवातीला मी सगळ्यांना तसंच सांगत होते, आणि शब्दाला शब्द लावून पाहिलं तर ते खोटंही नव्हतं. अंगात कणकण होती. आमच्याकडे कणकण म्हणजे ताप नव्हे. कणकण असताना बाई पोळ्या करते, कपडे वाळत घालते, आणि कुणी विचारलंच तर 'जरा अंग दुखतंय' म्हणते.

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी ह्या आजारपणावर एकदा लिहून दिलं होतं. ऑक्सिजन, प्रेमळ नर्स, सकारात्मक विचार, सगळं त्यात होतं. छापायला जाण्याआधी मी ते परत मागून घेतलं. त्यात लारा एका वाक्यापुरती होती: 'आमच्याकडे राहणाऱ्या खेळाडू मुलीकडून मला संसर्ग झाला.' ते वाक्य खोटं होतं. म्हणून हे पुन्हा लिहिते आहे. आजाऱ्याला धीर देण्यासारखं ह्यात थोडंच आहे. आजाऱ्याने काय करू नये, ते मात्र आहे.

लारा

आम्ही ब्रेडा नावाच्या डच शहरात राहतो. माझा नवरा श्रीधर इथल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम बघतो. मी त्याच्या व्हिसावर आले, काही वर्षं नुसती घरी होते, आता घरातूनच मुलांना ऑनलाइन गणित शिकवते. आमची मुलगी मुक्ता शिकायला उत्तरेकडच्या ग्रोनिंगेनला गेली आणि तिची खोली रिकामी पडली. त्याच सुमाराला जवळच्या एका फुटबॉल क्लबाला बाहेरून आलेल्या मुलींसाठी घरं हवी होती. शेजारच्या बाई तिथे मदतीला जायच्या. त्या म्हणाल्या, "नायजेरियाची फॉरवर्ड आहे, तेवीस वर्षांची. फार शांत मुलगी."

"फुटबॉलवाली आणि शांत?" श्रीधर म्हणाला. "काचा मोजून ठेव."

लारा आली ती दारातच एक गुडघा वाकवून उभी राहिली. मी "अगं अगं, असू दे," म्हणत मागे सरले. वाकलेल्या माणसाला आपण जे म्हणतो तेच तोंडातून आलं. ती म्हणाली, "गुड आफ्टरनून, मा." मला भरून आलं. परकी मुलगी पहिल्याच भेटीत आई म्हणते! श्रीधर दोन दिवस हसत होता. "अगं, मॅडमचं लघुरूप आहे ते. ती क्लबच्या कपडे धुणाऱ्या बाईंनाही 'मा'च म्हणते."

आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं. इथे मराठीत लिहिते आहे. तिची सगळी कारकीर्द मला स्वयंपाकघरात तुकड्यातुकड्यांनी कळली. गाव इलोरिन. वडिलांचं पंखे-रेडिओ दुरुस्तीचं दुकान, आणि मुलीने चड्डी घालून पळावं हे त्यांना बिलकूल पसंत नाही. शाळेतल्या पी.टी.च्या बाईंनी तिला मुलांच्या संघात घातलं, कारण डाव्या पायाचं दुसरं कुणी नव्हतं. मग राज्याचा संघ, बसचे लांबलांब प्रवास, मग स्वीडनच्या उत्तरेला एक हंगाम, जिथे सरावाआधी मैदानातलं बर्फ ढकलावं लागायचं. तिथून इथे. आमचा हिरव्या मिरचीचा ठेचा ती ब्रेडवर जॅमसारखा पसरून खायची आणि मलाच विचारायची, "मा, ह्यात मिरची घालायला विसरलात का?"

मी एकदा विचारलं, "फॉरवर्डचं नेमकं काम काय गं? गोल करायचे?"

"वाट बघायची, मा," ती म्हणाली. "अख्ख्या मॅचमध्ये चार-पाच वेळा बॉल नीट येतो. बाकीचा वेळ वाट बघायची आणि आपण वाट बघतोय हे कुणाला कळू द्यायचं नाही."

दोन हजार वीसच्या ऑक्टोबरात तिला राष्ट्रीय संघाच्या शिबिराचं बोलावणं आलं. पहिल्यांदाच. वडील फोनवर म्हणाले, "बूट नीट घासून ने."

खिरापत

श्रीधर तेव्हा पुण्यात अडकला होता. सासूबाईंच्या ऑपरेशनसाठी गेला आणि विमानांच्या भानगडीत राहून गेला. तो रोज फोनवर बजावायचा, "कुठे जाऊ नकोस, कुणाला बोलावू नकोस." घरी पाहुणे किती यावेत ह्यावर सरकारने बंधन घातलेलं होतं. नवरात्र होतं. रायस्वाइकच्या एका मैत्रिणीने फोन केला, "अगं, भोंडला करतेय. अगदी घरच्या घरी. ये." मी गेले. घरच्या घरी म्हणजे आम्ही नऊ जणी होतो.

पाटावर हत्ती काढला, फेर धरला, गाणी झाली, मास्क हनुवटीवर आले. मग खिरापत ओळखायचा खेळ. यजमानीण डबा हलवते, आपण ओळखायचं. डबे तिथे उघडत नसतात, पण आम्ही सगळ्या डब्याला नाक लावून लबाडी करतो. एक डबा फिरला. सगळ्या म्हणाल्या, "वेलची! शिराच आहे." वैशाली नावाची एक जण डब्याला नाक लावून बसली ती बसलीच. "मला कसलाच वास येत नाहीये गं, सर्दी झालीये नुसती."

"म्हणजे तू बाद!" असं कुणीतरी ओरडलं आणि आम्ही हसलो. तोच डबा नंतर माझ्याकडे आला. मीही नाक लावलं.

हिंगाची डबी

क्लबच्या मुलींना रोज सकाळी फोनवर उत्तरं भरायची असत: घरात कुणाला ताप आहे का, खोकला आहे का, वास येतो का. लारा जिन्यावरून ओरडायची, "मा, फीवर?"

"नो फीवर."

"कफ?"

"नो कफ."

वासासाठी तिने स्वतःचीच परीक्षा काढली होती. आमच्या घरातला हिंग तिला आल्या दिवसापासून भयंकर वाटायचा. ती स्वतःचं नाक चिमटीत धरून हिंगाची डबी माझ्या नाकाखाली आणायची. "स्मेल?" मी म्हणायचे, "येस, लव्हली." ती म्हणायची, "तुम्ही धन्य आहात, मा."

भोंडल्यानंतर तीन-चार दिवसांनी अंगात कणकण आली. "फीवर?" "नो." थर्मामीटर कपाटात होता. मी लावला नाही. लावला असता तर कणकणीचा आकडा झाला असता.

दुसऱ्या दिवशी यजमानीण मैत्रिणीचा फोन. "वैशाली पॉझिटिव्ह आलीये. तू टेस्ट कर. पण किती जणी होतो ते कुठे सांगू नकोस हं, उगीच लफडं नको."

त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लाराने डबी पुढे केली. काहीही आलं नाही. मी डबीच्या आत बघितलं; हिंग होता. तिने चिमटीत नाक धरलेलं, डोळे हसरे. दुसऱ्या दिवशी मॅच होती आणि ती कॅमेऱ्यातून राष्ट्रीय संघाचे लोक बघणार होते.

"स्मेल, मा?"

"येस," मी म्हणाले. "लव्हली."

कणकणीला निदान शब्दाचा आडोसा होता. हिंगाला नव्हता.

का, ते सांगायला हवं. तिची मॅच चुकू नये म्हणून, असं मी स्वतःला बराच काळ सांगितलं. ते खरं नाही. घरात लक्षणं असलेल्या मुलींना क्लब वेगळ्या फ्लॅटमध्ये हलवायचा. लारा गेली असती आणि मी घरात एकटी राहिले असते, आजारी, नवरा तिकडे, मुलगी उत्तरेला. त्याची मला भीती वाटली. शिवाय भोंडला श्रीधरला कळला असता. एवढंच आहे. ह्याहून मोठं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

दवाखाना

लारा मॅच खेळली, एक गोल केला, दमून आली. रविवारी संध्याकाळी मला जिना चढता येईना. डॉक्टरांच्या फोनवर तिनेच बोलणं केलं. पलीकडच्या बाईंनी सांगितलं, त्यांना एक पूर्ण वाक्य बोलायला सांगा. मी 'माझं नाव' इथपर्यंत पोचले.

अँब्युलन्सची माणसं पांढऱ्या सूटमध्ये आली. लारा मास्क लावून जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. मला खुर्चीवर बसवून नेत होते आणि ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, "सॉरी, मा. सॉरी."

दवाखान्यातलं आयुष्य एकसुरी असतं, आणि त्याचा एकसुरीपणा हाच आधार असतो. सकाळी बोटाला चिमटा, दंडाला पट्टा. मग पालथं झोपायचं. दुपारी गार ब्रेड आणि चीज. गरम म्हणून दिवसातून एकदाच काय ते जेवण; चव नव्हती म्हणून तक्रारही नव्हती. भेटायला कुणी नाही. शेजारच्या खाटेवर एक डच आजी होत्या, त्या रोज मला विचारायच्या, "आज कोणता वार?" आणि मी कोणताही वार सांगितला तरी "छान" म्हणायच्या. एक दिवस त्यांची खाट रिकामी होती. चादर बदललेली.

भीती वाटते ती मरणाची कमी. पुढचा श्वास आपण घ्यायचाय, आपोआप येणार नाही, ह्याची जास्त. एक नर्स रोज ड्यूटी संपताना माझी वेणी घालून जायची. तिला तीन पेडांची वेणी येत नव्हती. दोन पेड पिळून रबर लावायची. त्या वेळात मला श्वास मोजावासा वाटत नसे. आजाऱ्याच्या घरच्यांनी हे लक्षात ठेवावं: औषधं बाकीचे देतात, केसांना हात लावणारं कुणी नसतं.

श्रीधरचा फोन आला. "तिनेच आणला ना? मला वाटलंच होतं. ड्रेसिंग रूममध्ये एकमेकींच्या अंगावर पडतात त्या, टीव्हीवर बघतो ना मी."

मला बोलायला त्रास होत होता, हे खरं. पण चार शब्द बोलण्याइतका श्वास होता. 'मी भोंडल्याला गेले होते.' एवढेच चार शब्द. त्याऐवजी मी म्हणाले, "ती सॉरी म्हणाली."

"बघ," श्रीधर म्हणाला. "म्हणजे तिला ठाऊक आहे."

पुण्यात सगळ्यांना तेच कळलं. सासूबाई म्हणाल्या, पोरीचा दोष नाही, पण बाहेरची माणसं घरात घेऊ नयेत. मुक्ता फोनवर तेवढी म्हणाली, "बट हर होल टीम टेस्टेड निगेटिव्ह, आई. हाऊ?" मी दम लागल्याचा आवाज केला.

लाराचं निदान

तिची टेस्टही पॉझिटिव्ह आली, पण तिला झालं काय तर थोडी सर्दी. आठ-दहा दिवस खोलीत काढून ती सरावाला गेली. तोवर मी घरी आले होते, खुर्चीतून खुर्चीत एवढाच माझा प्रवास. ती नेहमीपेक्षा लवकर परत आली आणि बूट हातात धरून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसली.

"पळताना छातीत काहीतरी झालं, मा. मी खाली बसले. मी कधी खाली बसत नाही."

मग तपासण्या. हृदयाच्या स्नायूला सूज. हृदयाचे डॉक्टर तरुण होते, स्वतः फुटबॉल खेळणारे, आणि त्यांना सांगताना वाईट वाटत होतं, असं ती म्हणाली. निदान तीन महिने खेळ नाही, कदाचित सहा. विषाणू अंगात असताना पळण्याने ताण पडू शकतो, एवढं ते म्हणाले. त्यामुळेच झालं, असं म्हणाले नाहीत. मी खरं बोलले असते तर ती वाचली असती का, हे मला आजही सांगता येत नाही; कदाचित तिला आधीच लागण झालेली असेल. गणित शिकवते, पण हे सुटत नाही. मॅच मात्र ती खेळली नसती.

शिबिर गेलं. त्या दिवशी तिने जुन्या टूथब्रशने बूट घासले, आत वर्तमानपत्र कोंबलं, आणि पिशवीत घालून माळ्यावर ठेवून दिले. वडिलांनी सांगितल्यासारखे नीट घासलेले.

दोघी

श्रीधर परत येईपर्यंतचे पुढचे दोन महिने आम्ही दोघी एकमेकींच्या आजारी होतो. रोज दुपारी मार्क नदीच्या काठाने चालायला जायचो. तिच्या मनगटावर डॉक्टरांचं घड्याळ होतं. ठोके वाढले की ते वाजायचं. माझे वाढले की मीच थांबायचे. बचावातल्या मुलींना मागे टाकणारी ही पोर पन्नाशीला आलेल्या, धापा टाकणाऱ्या बाईच्या पावलाला पाऊल लावून चालत होती. एकदा काठी घेतलेले एक आजोबा आम्हाला ओलांडून पुढे गेले. लारा म्हणाली, "मा, आपल्याला टॅकल करायला हवं होतं."

एका दुपारी मला ओट्याच्या कोपऱ्याचा फटका बसला. लारा पलीकडे भांडी पुसत होती. "सॉरी, मा!"

"तू कशाला सॉरी? तू काय केलंस?"

ती हसली. "आमच्याकडे कुणाला लागलं, कुणी पडलं, कुणी आजारी असलं की सॉरी म्हणतात. मी केलं असं नाही. तुम्हाला लागलं, म्हणून."

म्हणजे आपलं 'अगं बाई गं'. म्हणजे त्या दिवशी जिन्यावर ती चूक कबूल करत नव्हती. मला लागलं होतं, म्हणून म्हणत होती. आणि मी ते नेऊन तिच्याविरुद्ध साक्ष म्हणून वापरलं होतं.

मी कोपर चोळत उभी राहिले. बोलायची वेळ हीच होती. मी म्हणाले, "चहा टाकू का?"

नंतर

हंगामाअखेरीला क्लबाने तिचा करार वाढवला नाही. ती इलोरिनला गेली, तिथे काही महिने सराव केला, मग सीमेपलीकडे बेल्जियममध्ये एका खालच्या श्रेणीतल्या क्लबात आली. आता ती सगळ्यांत पुढे नसते. तो पहिला झपाटा परत आला नाही, म्हणून जरा मागे राहून खेळते, दुसऱ्यांना बॉल काढून देते. गोल कमी झाले. राष्ट्रीय संघाचं बोलावणं पुन्हा आलं नाही. हे सगळं ती आनंदाने सांगत नाही आणि रडूनही सांगत नाही.

दोन हजार बावीसच्या वसंतात ती माळ्यावरची बुटांची बॅग न्यायला आली. श्रीधर होता, मुक्ताही आलेली होती. मी तिच्यासाठी तिखटातला लाल भात केला होता. श्रीधर खुशीत होता. त्याने तिच्या ताटात वाढता वाढता म्हटलं, "लारा, तू आमच्या घरात काय काय आणलंस! संगीत आणलंस, फुटबॉल आणलास, करोना आणलास!" आणि हसला. मनात काही नसताना हसतात तसा.

लाराही हसली. सवयीने.

मी म्हणाले, "तिने नाही आणला. मी आणला."

श्रीधर मराठीत म्हणाला, "काय बोलतेस?" मी इंग्रजीतच पुढे सांगितलं, तिला कळावं म्हणून. भोंडला, वैशाली, कणकण. हिंगाची डबीही सांगितली. मुक्ता डचमध्ये काहीतरी पुटपुटली, ते मला कळलं आणि ते बरोबरच होतं.

लाराने चमचा ठेवला. "मॅचच्या आदल्या दिवशी, मा?"

"हो."

"मी डबी धरली होती."

"हो."

"मी रोज विचारत होते." ती आवाज न चढवता बोलत होती. "आणि मला वाटायचं मीच आणला. कुठून, ते कळत नव्हतं. बसमधून, दुकानातून. मी घरी असताना रोज आठवायचे, कशाला हात लावला." मग म्हणाली, "माझं शिबिर होतं, मा."

सॉरी म्हणावं तर तिच्या भाषेत तो शब्द फारच हलका होता.

ती बॅग घेऊन गेली. जाताना गुडघा वाकवला नाही. श्रीधर बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलला. एकदा म्हणाला, "मी सगळ्या पुण्याला सांगितलं गं." मग त्याने स्वतःच सासूबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं. मी शेजारी बसून ऐकलं.

उन्हाळा गेला. शरदात लाराचा मेसेज आला. 'रविवारी मॅच आहे, सीमेजवळच. हवं तर या. तो हिरवा पदार्थ आणा.' खाली आणखी एक ओळ: 'मा, फीवर?'

मी ठेचा केला. मोठी बरणी. मिरच्या भाजताना ठसका लागला आणि मला बरं वाटलं.

रविवारी सकाळी उठले तर अंगात कणकण. तीच, सांध्यांतून फिरणारी. थर्मामीटर लावला. सदतीस पूर्णांक चार. इथे अडतीसच्या खाली कुणी ताप धरत नाही. टेस्ट केली, निगेटिव्ह. श्रीधरने गाडीची किल्ली घेतली होती. "हा काय ताप आहे? इतक्या महिन्यांनी तिने बोलावलंय. गोळी घे आणि चल."

मी फोन लावला.

"लारा, ताप नाही. खोकला नाही. टेस्ट निगेटिव्ह आहे. हिंगाचा वास येतोय."

"गुड, मा."

"पण अंगात कणकण आहे."

"ते काय असतं?"

मी सांगितलं. ताप नसतो, पण अंगाला कळतं. आमच्याकडे त्याला मोजत नाहीत.

"कनकन," ती म्हणाली. पुन्हा एकदा म्हणून बघितलं. "मग येऊ नका, मा. अंकलना पाठवा, हिरवं घेऊन."

"बरं."

पलीकडे कुणीतरी शिट्टी वाजवली, मुलींचे आवाज आले. मला वाटलं फोन ठेवला.

"सॉरी, मा," ती म्हणाली.

ह्या खेपेला त्याचा अर्थ मला कळला.